कोंत्रा : तीन तारांचा व्हायोला

ट्रान्सिल्व्हेनियातल्या (आजचा रोमानिया) हंगेरियन, रोमानियन आणि रोमा वादकांच्या लोकसंगीतात व्हायोला बहुधा धून वाजवत नाही. ती पहिल्या व्हायोलिनची. व्हायोलाकडे असते साथ, आणि नाचणाऱ्यांचे पाय तिच्यावरच पडतात.

या व्हायोलाला, म्हणजे कोंत्राला, चारऐवजी तीनच तारा. ‘सा’, ‘प’ आणि त्या दोहोंच्या मधला ‘रे’, असा त्यांचा मेळ. घोडी वरून सपाट तासलेली, त्यामुळे एकाच गजाखाली तिन्ही तारा एकदम बोलतात आणि भरीव कॉर्ड उमटते. वाद्य छातीशी आडवं फिरवून धरायचं, म्हणजे जड गजाला जोर मिळतो. ट्रान्सिल्व्हेनियातल्याच मेझोशेग भागात तर मायनर वळणाच्या धुनेखालीही मेजर कॉर्ड सर्रास वाजतात. त्यातून होणारी स्वरांची खडाजंगी हेच या संगीताचं खरं सौंदर्य.

हंगेरियन लोकसंगीत-संशोधक लास्लो लायता यांनी याच भागातल्या सेक गावच्या वादनाचं स्वरलेखन १९५४ मध्ये प्रसिद्ध केलं. १९७२ मध्ये बुडापेस्टमध्ये ‘तांत्सहाज’ ही लोकनृत्याची चळवळ सुरू झाली आणि शहरी तरुण खेड्यांतल्या वादकांकडून कोंत्रा शिकू लागले. २०११ मध्ये युनेस्कोनेही वारसा जपण्याची उत्तम पद्धत म्हणून या चळवळीची नोंद घेतली.