नवा ह्युमिडॉर: आधी पेटीची तहान

दुबईहून किंवा सिंगापूरहून येताना कुणीतरी ह्युमिडॉर, म्हणजे सिगारी ठेवायची लाकडी पेटी, भेट आणतं. बाहेरून चेहरा दिसेल असं पॉलिश, आत फिकट तांबूस लाकूड, झाकणाच्या आतल्या बाजूला आर्द्रता मोजणारा, पितळी कडीचा गोल हायग्रोमीटर. सोबत सिगारींचा एखादा खोकाही असतो. घरी आल्या आल्या खोका फोडून सिगारी पेटीत रचून टाकाव्यात, असं कुणालाही वाटेल. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, त्यातला प्रकार. आठ-दहा दिवसांनी सिगार हातात घ्यावी तर वरचं पान बोटांखाली कुरकुरतं, टोक कापताना उभं चिरतं, आणि पेटवल्यावर धूर तिखट, गरम लागतो. पेटीत काही दोष नसतो. ती फक्त कोरडी असते.

तंबाखू शरीराला अपायकारक आहे, हे खोक्यावरच छापलेलं असतं आणि ते खरं आहे. इथे विषय लाकूड आणि पाणी यांचा.

दीड थेंब आणि पाच चमचे

सिगार टिकते ती साधारण ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेत आणि १८ ते २१ अंश सेल्सिअस तापमानात. हे आकडे बहुतेकांना ठाऊक असतात. ते गाठायचे कसे, याचं गणित मात्र क्वचितच कुणी मांडतं.

पन्नास सिगारींची पेटी घ्या. आतून २८ सेंटिमीटर लांब, २० रुंद, १० खोल. तिच्यात साडेपाच लिटरच्या आसपास हवा मावते. या हवेची आर्द्रता २० अंशांना ७० टक्के असेल, तर तिच्यातलं सगळं पाणी भरतं सत्तर मिलिग्रॅम. म्हणजे जेमतेम दीड थेंब.

आता अस्तराचं लाकूड. पाच मिलिमीटर जाडीचं धरलं, तर सगळ्या बाजू मिळून साधारण अर्धा किलो होतं. भट्टीत वाळवलेल्या लाकडात सात-आठ टक्के पाणी उरलेलं असतं. ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत तेच लाकूड तेरा टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबतं. मधला फरक पाच टक्क्यांचा, म्हणजे पंचवीस ग्रॅम पाणी, चहाचे पाच चमचे. आणि मध्यम आकाराच्या पंचवीस सिगारींत मिळून पाणी असतं किती? चाळीस ग्रॅमांच्या आतबाहेर.

कोरड्या पेटीत सिगारी ठेवल्या की काय होतं, ते इथेच कळतं. कोऱ्या माठाप्रमाणे लाकूड आधी स्वतःची तहान भागवतं, आणि समोर पाणी असतं ते सिगारींतलंच.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. आत ओला स्पंज ठेवून झाकण लावलं, तर तासाभरातही हायग्रोमीटर सत्तर दाखवू शकतो, कारण हवेला हवेत दीडच थेंब. आपण समजतो, पेटी तयार झाली. वास्तविक त्या घडीला लाकडाचा फक्त वरचा पापुद्रा ओलावलेला असतो. काटा हवेची खबर देतो, लाकडाची नाही. पेटी तयार करण्याच्या सगळ्या पद्धती, त्यांतले वाद आणि फसगती या एका वाक्याभोवती फिरतात.

आतलं लाकूड

चांगल्या ह्युमिडॉरच्या अस्तराला ‘स्पॅनिश सीडर’ वापरतात. हे झाड स्पेनचं नाही आणि सीडरही नाही. सेड्रेला ओडोराटा हे त्याचं शास्त्रीय नाव, आणि ते मध्य व दक्षिण अमेरिकेत आणि कॅरिबियन बेटांवर वाढतं. महोगनी त्याच्या कुळातली. आपला कडुनिंब आणि सह्याद्रीत आढळणारा तूणही त्याच कुळातले. तुणाचं लाकूड तर दिसायला आणि वासाला इतकं जवळचं, की वनस्पतिशास्त्रज्ञांनी पूर्वी त्याला सेड्रेलातच गणलं होतं. सेड्रेलाची बेसुमार तोड झाल्यामुळे २०२० पासून या संपूर्ण वंशाच्या नवउष्णकटिबंधातल्या झाडांच्या व्यापारावर ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे.

हे लाकूड निवडण्यामागे कारणं आहेत. ते पाणी शोषतं आणि सोडतं, पण त्या मानाने फारसं फुगत-वाकत नाही. त्याला सहज बुरशी धरत नाही. त्याचा मंद गोडसर वास तंबाखूला मानवतो. सुताराकडून पेटी करून घ्यायची असेल तर इथे सावध राहावं. ‘सीडर’ म्हटलं की तो देवदार आणून ठेवेल. खऱ्या देवदाराचं तेल उग्र असतं, महिन्याभरात सगळ्या सिगारींना तोच वास. सागही नको, तो तेलकट असतो आणि पाण्याला फारसा जवळ करत नाही.

आतल्या बाजूला पॉलिश, वॉर्निश काहीही नसावं. नवी पेटी उघडल्यावर डिंकाचा किंवा रंगाचा वास आला, तर ती काही दिवस उघडी ठेवून वारा द्यावा. कधी अस्तरावर चिकट, मधाच्या रंगाचे थेंब दिसतात. तो लाकडाचा स्वतःचा चीक. कापसावर थोडं ॲसिटोन घेऊन पुसायचा आणि वास पूर्ण उडेपर्यंत थांबायचं.

झाकण नीट बसतं का, हेही याच वेळी पाहून घ्यावं. कागदाची पट्टी कडेत धरून झाकण लावा आणि ओढा. चारही बाजूंना ती अडली पाहिजे. अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च पेटवून ठेवला तर फट आपोआप दिसते. झाकणच बसत नसेल, तर पुढचा सगळा खटाटोप व्यर्थ. पेटी परत करावी.

काट्यावर विश्वास किती?

पेटीबरोबर आलेला पितळी हायग्रोमीटर दिसायला छान असतो. आकडा पाच-दहा टक्क्यांनी चुकवण्यातही तो पटाईत असतो. त्याची परीक्षा स्वयंपाकघरातल्या मिठाने होते.

सोड्याच्या बाटलीचं झाकण मिठाने भरा. त्यात पाण्याचे मोजके थेंब सोडा, मीठ ओल्या वाळूसारखं दिसेल इतकेच. विरघळलं तर पाणी जास्त झालं. हे झाकण आणि हायग्रोमीटर शेजारी शेजारी ठेवून झिपच्या पिशवीत बंद करा आणि एक दिवस विसरून जा. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर राहते, आणि घरातल्या तापमानात हा आकडा जवळपास हलत नाही. दुसऱ्या दिवशी काटा ७० वर असेल, तर तुमचा हायग्रोमीटर पाचाने कमी दाखवतो. मागे स्क्रू असेल तर फिरवून दुरुस्त करा, नसेल तर फरक चिठ्ठीवर लिहून पेटीखाली चिकटवा. माझं मत विचाराल, तर पितळी काटा शोभेला ठेवावा आणि आत एक साधा डिजिटल हायग्रोमीटर टाकावा. परीक्षा त्याचीही घ्यायची.

पाणी कसं पाजायचं

पाणी डिस्टिल्डच हवं. नळाच्या पाण्यातले क्षार लाकडावर आणि स्पंजमध्ये साचत जातात, आणि बुरशीला आयतं निमंत्रण मिळतं. घरच्या फिल्टरच्या पाण्यातही क्षार उरतातच. गॅरेजमध्ये मिळणाऱ्या बॅटरीच्या पाण्याच्या शुद्धतेची खात्री नसते. औषधांच्या किंवा प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून बाटली आणावी. ती पुढे वर्षभर पुरते.

सोपी आणि निर्धोक पद्धत अशी. काचेच्या छोट्या वाटीत किंवा पेल्यात डिस्टिल्ड पाणी घ्या, खाली बशी ठेवा म्हणजे एखादा थेंब सांडला तरी लाकडाला लागणार नाही. नवाकोरा, साबणाचा स्पर्श न झालेला स्पंज भिजवून प्लॅस्टिकच्या तुकड्यावर शेजारी ठेवला, तर बाष्प लवकर उडतं. आतले ट्रे आणि पडद्या पेटीतच राहू द्या, त्यांनाही पाणी हवंच आहे. झाकण लावा. तीन-चार दिवसांनी पाण्याची पातळी बघा, खाली गेली असेल तर भर घाला. मधे मधे उघडून बघण्याचा मोह टाळावा. दोन आठवडे हा साधारण हिशेब. अस्तर जाड असेल तर तीनही लागतात.

दुसरी पद्धत तयार पाकिटांची. ‘बोव्हेडा’सारखी पाकिटं यासाठी मिळतात. आत मिठाचं दाट द्रावण असतं, वरच्या पातळ पडद्यातून पाण्याची फक्त वाफ बाहेर येते. पेटी तयार करायला ८४ टक्क्यांचं पाकीट घ्यायचं, पंचवीस सिगारींच्या जागेला साठ ग्रॅमचं एक, म्हणजे आपल्या पेटीला दोन. चौदा दिवस झाकण बंद. खर्च जास्त, पण सांडण्याची भीती नाही आणि लाकडाला ओलावा हळूहळू, सगळीकडे सारखा मिळतो.

कुठेतरी वाचून काही जण वाटीत पाण्याऐवजी रम किंवा ब्रँडी ठेवतात. असलं काही करू नये. मद्यार्क आधी उडतो, मागे साखर आणि वास उरतो, आणि तो वास लाकडातून वर्षानुवर्षं जात नाही.

ओल्या फडक्याचा वाद

जुन्या माहितीपत्रकांत एक झटपट उपाय असे: डिस्टिल्ड पाण्यात फडकं भिजवून, पिळून, अस्तर सगळीकडून पुसून घ्या. तो आजही चालतो आणि त्याचा पुरस्कार करणारे आहेत. पण लाकडाला पाणी थेट लागलं की त्याचे रेशे उभे राहतात, पृष्ठभाग खरखरीत होतो. वरचा थर फुगतो आणि खालचा कोरडाच राहतो, म्हणून फळी वाकते. स्वस्त पेट्यांत तर अस्तर म्हणजे एमडीएफवर चिकटवलेला पातळ पापुद्रा असतो. तो सुटतोच. शिवाय फडक्याने फार तर एक-दोन आठवडे वाचतात, आणि ज्या पेटीत सिगारी महिनोन्‌महिने राहणार तिला एवढी घाई कशासाठी?

पंधरवडा झाल्यावर

वाटी, स्पंज किंवा ८४ चं पाकीट काढून घ्या आणि पेटी रिकामीच बंद करून दोन दिवस ठेवा. खरी परीक्षा हीच. आता आत पाण्याचा दुसरा साठा नाही, त्यामुळे काटा जे दाखवेल ते लाकडाच्या जिवावर. तो पासष्टच्या वर टिकून राहिला तर पेटी तयार आहे. साठाच्या खाली घसरला तर लाकूड अजून तहानलेलं आहे, आणखी एक आठवडा. ऐंशीवर अडला, तर झाकण थोडा वेळ उघडं ठेवून वारं लागू द्या.

मग नेहमीचा आर्द्रतेचा डबा किंवा ६५ वा ६९ टक्क्यांची पाकिटं आत ठेवायची. डब्यात प्रॉपिलीन ग्लायकॉलचं द्रावण घालायची रीत आहे. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असलं, तर हवा सत्तरच्या आसपास राहते. त्यानंतर सिगारी. पहिल्याच दिवशी ठासून भरू नयेत, हवा खेळायला एक तृतीयांश जागा मोकळी असावी. व्हॅनिला वगैरेंच्या सुगंधी सिगारींना या पेटीत जागा नाही.

एक सांगायला हवं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि आत एक पाकीट, एवढ्यावरही सिगारी उत्तम राहतात, आणि त्या डब्याला काही पाजावं लागत नाही. लाकडी पेटी घ्यायची ती वासासाठी, रूपासाठी आणि हौसेसाठी. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण लिलावात लागतं. विनोदी अभिनेता मिल्टन बर्ल याने १९६१ मध्ये जॉन केनेडींना दिलेला अक्रोडाच्या लाकडाचा ह्युमिडॉर १९९६ साली सदबीज्‌च्या लिलावात ५,७४,५०० डॉलरना गेला.

मुंबईचा जुलै, नागपूरचा मे

पेटीबरोबरच्या सूचना थंड, कोरड्या देशांतल्या घरांसाठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे त्या जशाच्या तशा पाळल्या तर पंचाईत होते. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात जुलैमध्ये बाहेरचीच आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशीच्या वर असते. उघड्या खोलीत महिनाभर पडून असलेली पेटी तोवर पुरेसं पाणी पिऊन बसलेली असते. तिच्यात वाटीभर पाणी ठेवलं तर बुरशी येईल. अशा वेळी आधी नुसता तपासलेला हायग्रोमीटर आत ठेवून दोन दिवस पाहावं. काटा सत्तरच्या वर असेल तर ६५ चं किंवा ६२ चं पाकीट ठेवावं. ही पाकिटं जास्तीचं पाणी ओढूनही घेतात. एसीच्या खोलीत मात्र हवा बरीच कोरडी असते, तिथे भर पावसातही पेटीला पाणी लागू शकतं.

विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात चित्र उलटं. दुपारी आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते आणि अशा हवेत लाकडात उरतं चार-पाच टक्के पाणी. तिथे पाच चमच्यांचे आठ होतात, दोन आठवड्यांचे तीन-चार. कूलरच्या झोतात पेटी ठेवणं हा त्यावर उपाय नाही. घरातली सगळ्यात आतली, थंड खोली निवडावी.

हळदीच्या डब्यातला भुंगा

आपल्या हवामानात आर्द्रतेपेक्षा मोठा धोका उष्णतेचा आहे. तंबाखूच्या पानात एका बारीक तपकिरी भुंग्याची अंडी असू शकतात. लॅसिओडर्मा सेरिकॉर्न हे त्याचं नाव, लांबी दोन-तीन मिलिमीटर. तुम्ही तो पाहिलेला आहे: हळकुंडांत, धण्यांत, जुन्या तिखटाच्या डब्यात भोकं पाडणारा हाच. त्यामुळे ह्युमिडॉर स्वयंपाकघराच्या आसपास ठेवू नये. थंडाव्यात अंडी गप्प असतात. तापमान २४-२५ अंशांच्या वर राहू लागलं की फुटायला लागतात, आणि आपल्या घरांत एवढं तापमान वर्षातले निदान आठ महिने असतं. वरच्या पानाला टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक आणि खाली बारीक भुकटी दिसली, की समजावं.

नवी पेटी भरण्याआधीच बंदोबस्त केलेला बरा. सिगारी दोन पिशव्यांत हवाबंद करून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये ठेवाव्यात. पिशव्या खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायच्या नाहीत, नाहीतर दव धरून वरचं पान फाटतं. पेटी पाणी पीत असते तेव्हाच हे उरकून घ्यावं, दोन्ही कामं एकदमच संपतात.