उसाचं बिल कुठल्या स्विचवर अडतं?

सातारा-सांगलीत नागरी सहकारी बँका पुष्कळ. कराड अर्बन तर 1917 सालची. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात सुमारे 94 कोटी रुपये गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने नागरी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट काढली. त्यात आयटी मालमत्तेची अद्ययावत नोंदवही आली, प्रत्येक नोंदीच्या महत्त्वासह: जास्त, मध्यम, कमी.

ही यादी एक्सेलमध्ये शाखावार करता येते, पण माझ्या मते ती तपासणीपुरतीच कामाची. कोणती वस्तू कशावर अवलंबून आहे, ते त्यातून दिसत नाही. सीआयएसओ असिस्टंटसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मात्र मालमत्ता वंशावळीसारखी मांडता येते. वर सेवा, म्हणजे ‘उसाचं बिल खात्यात जमा’. तिच्याखाली कोअर बँकिंग, मग डेटाबेस सर्व्हर, नेटवर्क स्विच, शेवटी यूपीएस. वरच्या सेवेला दिलेलं महत्त्व खाली उतरतं आणि कोपऱ्यातला धूळ खाणारा स्विचही ‘जास्त’मध्ये जातो!

जिल्हा, शाखा, मजला मात्र या उतरंडीत घुसडू नका. त्यांच्यासाठी वेगळं लेबल लावा. 2019 चा महापूर पाहिलेल्या सांगलीत ‘तळमजला’ हे लेबल शोधून बघा, कोणती यंत्रं आधी वर हलवायची ते लगेच दिसेल.