सायीचा केक आणि आरेची युक्ती

रव्याचा केक आपल्या घरांना काही नवा नाही. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू, वाळूवर डबा, वर घट्ट झाकण, की झाली भट्टी! सासूबाईंकडून आलेले प्रमाणही बऱ्याच जणींना तोंडपाठ असते: पाव किलो रवा, तेवढीच साखर, १०० ग्रॅम तूप, वाटीभर साय आणि लागेल तसे दूध.

हे प्रमाण बसले तेव्हा घरातली माणसे मोटेमागे आणि नांगरामागे दिवसभर राबत. खाल्लेले तूप संध्याकाळपर्यंत जिरून जाई. आता पाणी मोटारीने चढते, नांगरट ट्रॅक्टर करतो. केकातले तूप मात्र तेवढेच राहिले. त्यात घरातल्या एखाद्याला डॉक्टरांनी तूप-साय कमी करायला सांगितले, की वाद सुरू. एक म्हणतो केकच बंद करा, दुसरा म्हणतो तूप काढलं तर तो केक कसला?

या वादावरचा तोडगा मुंबईच्या दूधधंद्यात सापडतो. शहरातले म्हशींचे गोठे बाहेर हलवण्यासाठी गोरेगावजवळ १९४९ साली आरे कॉलनी वसवण्यात आली. या कामातले प्रमुख नाव दारा खुरोडी यांचे. त्यांच्याच पुढाकाराने १९४६ साली मुंबईत टोन्ड दूध निघाले होते. म्हशीच्या दुधात साधारण ६ ते ७ टक्के स्निग्धांश. नुसते पाणी घातले तर दूध पांचट होते. म्हणून पाण्याबरोबर साय काढलेल्या दुधाची भुकटी घातली. स्निग्धांश उतरला, पण दुधाचा कस राहिला. आजच्या नियमाप्रमाणे टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के इतर घनपदार्थ लागतात. थोडक्यात, जे काढले त्याचे काम दुसऱ्याकडून करून घ्यायचे.

केकातही तेच. तूप केकाला मऊपणा देते, ओलावा धरते आणि वास देते. पहिली दोन कामे दही आणि शिजवलेला लाल भोपळा करतात. वास मात्र तुपाचाच, म्हणून तूप अजिबात बंद करू नये.

पाव किलो बारीक रवा २५ ग्रॅम तुपावर मंद भाजावा; एवढ्यानेही वास सगळ्या केकात उतरतो. गार झाल्यावर वाटीभर दही, वाटीभर टोन्ड दूध, अर्धी वाटी घोटलेला भोपळा, २०० ग्रॅम साखर, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ घालून अर्धा तास झाकून ठेवावे. रवा फुगून घट्ट झाला तर आणखी दूध घालावे. शेवटी चमचाभर बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा. वाळू आधी दहा मिनिटे तापवून, मंद आचेवर पाऊण तास. सुरी कोरडी निघाली की झाला.

घरची म्हैस असेल तर दूध तापवून, गार करून, दोनदा साय काढावी. त्या सायीचे तूप होईलच. ते पुन्हा त्याच ताटात येऊ नये म्हणजे झाले!

हिशेब असा: एक ग्रॅम तुपातून सुमारे ९ उष्मांक मिळतात. ७५ ग्रॅम तूप वाचले म्हणजे ६७५ उष्मांक वाचले. बारा तुकडे केले तर तुकड्यामागे ५५ च्या वर. वाटीभर साय गेली ती वेगळीच. दही-भोपळ्याचे थोडे परत येतात, तरी फायदा मोठा.

आता साखरेविषयी. आपण ऊसवाले, तरी खरे ते सांगावे. साखर केकात ओलावा धरते, म्हणून तूप आणि साखर एकदम उतरवू नये. केक कोरडा पडतो. पण तूप कमी केले म्हणून साखर वाढवणे हा शुद्ध तोट्याचा व्यवहार. मधुमेह असलेल्यांनी तर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच खावे.

एक लक्षात असू द्या: हा केक ओलसर असल्याने जुन्यासारखा आठवडाभर टिकत नाही. दोन दिवसांत संपेल एवढाच करावा.