रेवस ते रेडी

रायगड जिल्ह्यातील रेवसपासून सिंधुदुर्गाच्या टोकावरील रेडीपर्यंत, समुद्राच्या काठाने जाणाऱ्या सुमारे ५०० किलोमीटरच्या राज्यमार्गाची कल्पना बॅ. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १९८० च्या सुमारास, पुढे आली. त्या कल्पनेने चाळिशी ओलांडली. मार्ग मात्र अद्याप खाड्यांशी अडून उभा आहे. दिरंगाईची सवय जडलेल्या आपल्या लोकांनाही ही गोष्ट सहज पचू नये, असे आम्हांस वाटते.

कोकणचा नकाशा ज्याने नीट पाहिला आहे त्यास या अडचणीचे मूळ सांगावयास नको. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या थोडक्या अंतरात समुद्रास मिळतात आणि भरतीचे पाणी कोसच्या कोस आत शिरते. मुंबई-गोवा महामार्ग ही रुंद मुखे चुकवून पनवेल, महाड, चिपळूण असा आतून गेला. १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वेही बव्हंशी आतूनच धावते. किनाऱ्यावरील गावांना पूर्वी निदान आगबोटीचा आधार होता. तो प्रवास सुखाचा होता असे मात्र कोणी समजू नये. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. पुढे आगबोटीही बंद पडल्या. दाभोळचे दिवे पलीकडे धोपाव्यास दिसतात. पण २००३ साली वाहने नेणारी फेरीबोट सुरू होईपर्यंत मोटारीला चिपळूणचा फेरा घेतल्यावाचून गत्यंतर नव्हते. आजही रात्री बोट थांबते, आजार थांबत नाहीत.

दक्षिणेकडे भाट्ये, पूर्णगड, जैतापूर येथे पूल झाले. खरे मर्म आहे ते धरमतर, आगरदांडा, बाणकोट, दाभोळ आणि जयगड येथे. बाणकोटचे काम तर मागील दशकात सुरू होऊन अर्ध्यावर थांबले! असे असता चर्चा चालते ती चार पदरांची आणि पर्यटकांच्या सोयीची. पर्यटक यावेत, त्यांस आमची ना नाही. परंतु किनाऱ्यावरील वाड्यांतून रस्ता रुंद करणे म्हणजे कोणाची तरी नारळी-पोफळीची दहा गुंठे बाग जाणे होय, आणि पुष्कळांची सारी मिळकत तेवढीच असते. खाडीवर पूल झाला तर गावातला दुपदरी रस्ताही वर्षानुवर्षे पुरेल. पूल नसता चार पदर धक्क्यापाशी येऊन थांबतील.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, राज्य रस्ते विकास महामंडळाने रुंदीकरणाआधी पाचही पुलांच्या मुदती जाहीर कराव्यात, आणि त्यांत पहिली दाभोळची असावी.