ध्वनिमापकाचा आकडा आणि कानाची साक्ष

वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला 5 ऑक्टोबर 2024 रोजी बंजारा विरासत संग्रहालय खुलं झालं. इमारतीचा घाट नगाऱ्याचा! पण हा नगारा वाजतो तेव्हा आवाज किती मोठा, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर 'डेसिबल' या एकाच शब्दावर थांबतं.

एका नगाऱ्याशेजारी तसाच दुसरा वाजू लागला की डेसिबल दुप्पट होतात, हा पहिला गैरसमज. वाढतात फक्त 3. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबलची वाढ लागते, म्हणजे दहा नगारे! कानाच्या याच हिशेबासाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी 1936 मध्ये 'सोन' हे एकक मांडलं. 1000 हर्ट्झचा 40 डेसिबलचा स्वर 1 सोन, 50 डेसिबलचा 2 सोन.

दुसरा गैरसमज जास्त नडतो: मीटर दाखवतं तेच कान ऐकतो. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 ही मर्यादा 'ए' भारित डेसिबलमध्ये आहे. हा 'ए' भार हळू आवाज कानाला कसा लागतो, त्यावरून बेतलेला आहे. तो 63 हर्ट्झच्या खर्जातून तब्बल 26 डेसिबल वजा करतो. म्हणजे 100 चा बेस मीटरवर 74! आवाज चढला की कान खर्ज अधिक चांगला टिपू लागतो, मीटरची वजावट मात्र तेवढीच राहते. डीजेपुढे छाती धडधडते आणि कागदावरचा आकडा सौम्य दिसतो, तो यामुळे.

मग कानाच्या जवळची प्रमाणित पद्धत तरी एकच असेल? तीही नाही. आयएसओ 532 या मानकात 2017 पासून दोन शेजारी नांदतात: पहिल्या भागात झ्विकर यांची पद्धत, दुसऱ्यात मूर आणि ग्लासबर्ग यांची. दोन्ही आवाजाचे कानासारखे पट्टे पाडून बेरीज करतात. पण खर्जातले झ्विकरचे पट्टे सुमारे 100 हर्ट्झ रुंद, मूर-ग्लासबर्गचे त्याहून बरेच अरुंद. त्यामुळे एकाच ध्वनीचे सोन दोन निघू शकतात. शिवाय दुसरा भाग स्थिर आवाजापुरताच आहे. ठेक्यासारख्या बदलत्या आवाजासाठी त्याच घराण्याचा तिसरा भाग 2023 मध्ये आला. म्हणून पद्धतीचं नाव न देता नुसता सोनचा आकडा सांगणं अपुरं आहे.

मिरवणुकीत मोजणी करणाऱ्यांनी 'ए'सोबत 'सी' भाराचा आकडाही नोंदवावा. 63 हर्ट्झला तो एक डेसिबलही कापत नाही. दोहोंत मोठी तफावत निघाली, तर बेस किती आहे ते जागेवरच कळतं.