रोलिंग रिलीज

रोलिंग रिलीज ही संगणकाची संचालन प्रणाली सतत अद्ययावत ठेवण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत ठरावीक काळाने निघणाऱ्या मोठ्या आवृत्त्या नसतात. प्रत्येक घटकाची नवी आवृत्ती तयार होऊन तपासली गेली, की ती वापरकर्त्यांना उपलब्ध करून दिली जाते. त्यामुळे एकदा स्थापित केलेली प्रणाली पुन्हा स्थापित न करता वर्षानुवर्षे वापरता येते. आर्च लिनक्स, जेंटू आणि ओपनसुसे टम्बलवीड ही या पद्धतीची प्रमुख लिनक्स वितरणे होत.

स्थिर आवृत्तीशी तुलना

डेबियनची स्थिर आवृत्ती साधारणतः दर दोन वर्षांनी प्रसिद्ध होते. तिच्यातील बहुतेक आज्ञावल्या त्या वेळी आहेत तशाच गोठवल्या जातात व पुढे मुख्यतः सुरक्षाविषयक आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्या केल्या जातात. अशी प्रणाली अनपेक्षितपणे बदलत नाही. मात्र नवी यंत्रसामग्री किंवा आज्ञावलीतील नव्या सोयी यांसाठी वापरकर्त्याला पुढील आवृत्तीची वाट पाहावी लागू शकते.

कार्यपद्धती

आर्च लिनक्स हे वितरण जड व्हिनेट यांनी २००२ मध्ये सुरू केले. त्यात पॅकमन या साधनाने संपूर्ण प्रणाली एकाच वेळी अद्ययावत करावी लागते. अनेक आज्ञावल्या सामाईक संग्रहांवर अवलंबून असल्याने अर्धवट अद्ययावतीकरण केल्यास त्या बंद पडू शकतात. टम्बलवीडमध्ये घटकांचा संपूर्ण संच ओपनक्यूए या स्वयंचलित चाचणीतून गेल्यावरच प्रसृत होतो. बिघाड झाल्यास स्नॅपर या साधनाने प्रणाली पूर्वस्थितीत नेता येते.

सुरक्षा

नव्या आवृत्तीबरोबर दुरुस्त्या लवकर मिळतात, तसे नवे दोषही लवकर येतात. २०२४ मध्ये एक्सझेड या संक्षेपण साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर चोरवाट ठेवल्याचे आढळले. आर्च, टम्बलवीड आणि डेबियनची अस्थिर शाखा यांत या आवृत्त्या पोहोचल्या होत्या. डेबियनची स्थिर आवृत्ती जुन्याच एक्सझेडवर असल्याने बाधित झाली नाही. डेबियनच्या अस्थिर शाखेवर काम करताना दूरस्थ प्रवेशास नेहमीपेक्षा अधिक वेळ लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले. त्यांनी शोध घेऊन २९ मार्च रोजी ही बाब जाहीर केली.

निवड

आज्ञावली-विकसक, नवी यंत्रसामग्री वापरणारे आणि नियमित देखभाल करू शकणारे यांना ही पद्धत सोयीची ठरते. सर्व्हर किंवा अनेकांच्या वापरातील संगणकांसाठी सहसा स्थिर आवृत्ती निवडली जाते.