मावळ्याच्या अंगावर मखमल कशी? ऐतिहासिक देखाव्याचा पोशाख निवडताना काय पाहावे…

अकोला : शिवजयंती जवळ आली की भाड्याच्या पोशाखांसाठी धावपळ सुरू होते. मंडळाला वीस-पंचवीस मावळे हवे असतात आणि दुकानातून येतात चकचकीत मखमली अंगरखे, सोनेरी लेस आणि पाठीवर वेल्क्रोची पट्टी. मिरवणुकीत हे उठून दिसते, पण शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ सालचा आणि पॉलिस्टरचा शोध १९४१ चा. त्यामुळे ज्यांना खरा पोशाख करायचा आहे, त्यांनी कापडापासूनच सुरुवात करायला हवी.

मावळा नेमके काय घालत असे?

ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात पायदळाच्या पोशाखाचे वर्णन आहे. अर्ध्या मांडीपर्यंतची आखूड विजार, कमरेला घट्ट आवळलेला लांब, अरुंद पट्टा आणि डोक्याला पागोटे. सुती अंगरखा कधी असे, कधी नसे. कमरेला गुंडाळलेले आणखी एक वस्त्र गरजेला शालीसारखे अंगावर घेता येई. घोडेस्वाराची तऱ्हा वेगळी होती. त्याच्याकडे तंग विजार आणि कापूस भरून शिवलेला जाड अंगरखा असे. पागोट्याचा एक फेर अनेकजण हनुवटीखालून घेत.

डफने हे सारे दीडशे वर्षांनंतर लिहिले, हे लक्षात ठेवून वाचावे. तरीही भाड्याच्या दुकानातल्या पोशाखापेक्षा हे वर्णन नक्कीच जवळचे आहे. मखमल त्या काळी होती, पण ती सरदार-दरकदारांसाठी. डोंगर चढणाऱ्या शिपायाला ती परवडणारीही नव्हती आणि सोयीचीही नव्हती.

बटण नको, बंद हवेत

जामा किंवा अंगरखा बंदांनी बांधला जाई. त्या काळातल्या चित्रांत एक संकेत साधारणपणे दिसतो. हिंदू सरदारांच्या जाम्याचे बंद डाव्या काखेखाली, तर मुस्लिम सरदारांचे उजव्या काखेखाली. शिंप्याला माप देतानाच हे सांगावे. तयार अंगरखा नंतर उलटा करता येत नाही. विजारीला इलॅस्टिक नको, नाडा हवा. तलवार चामडी पट्ट्यात किंवा कमरबंदात खोचायची. म्हणून कमरबंद कापडाचाच आणि दोन-तीन फेरे बसतील इतका लांब घ्यावा.

रंगाचेही तसेच. पहिला कृत्रिम रंग १८५६ मध्ये निघाला. त्याआधी नीळ, हळद, मंजिष्ठा, आल आणि करडईच्या फुलांचा कुसुंबी रंग. भडक फ्लोरोसंट भगवा यांतल्या कशातूनही येत नाही.

अडगावचा शिपाई वेगळा

सगळ्यात मोठी गल्लत होते ती सालाची. १६५९ चा मावळा आणि १८०३ चा शिपाई एकाच पोशाखात उभे केले जातात. तेल्हारा तालुक्यातल्या अडगावजवळ २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेशी नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याची लढाई झाली. त्यानंतर १५ डिसेंबरला गाविलगड पडला. आपल्या भागातला देखावा करायचा तर हा प्रसंग घरचाच आहे. मात्र, इथे भोसल्यांच्या बाजूने अरब पायदळही लढले. समोर स्कॉटिश पलटणी होत्या आणि लाल कोटातले मद्रासी शिपाई. सगळ्यांना भगवे फेटे बांधून हा प्रसंग उभा राहत नाही.

कंपनीचा गोरा सोजीर करणाऱ्याने छातीवरचे पांढरे आडवे-तिरपे पट्टे चामड्याचे घ्यावेत. आतला शर्ट डोक्यातून घालायचा. समोरून खालपर्यंत उघडणारा शर्ट खूप नंतर रूढ झाला. विजारीला गॅलिस लावायचे असतील तर ते साध्या कापडी पट्टीचे, बटणाला अडकवणारे हवेत. बाजारातले क्लिपचे, ताणले जाणारे गॅलिस १८०३ मध्ये नव्हते. ते कोटाखाली झाकले जातात हे खरे, पण कोट काढताच उघडे पडतात.

कापूस आपल्याच शेतातला

पोशाखासाठी जाडसर खादी किंवा हातमागाचे सुती कापड सर्वांत जवळचे. सतराव्या शतकात सूत हातानेच कातले जाई. घोडेस्वाराचा भरीव अंगरखा शिवायला गादी-दुलई भरणारे कारागीर उपयोगी पडतात. पिंजलेला कापूस दोन कापडांत भरून उभे टाके घालायचे, काम तेच आहे. कापसाच्या वऱ्हाडात यासाठी पुण्या-मुंबईला जाण्याची गरज नाही.

खर्च एकदाच होतो, पोशाख मात्र मंडळाकडे अनेक वर्षे राहतो.

अस्सलपणाचा हट्ट बाजूला ठेवला तरी एक कारण उरतेच, ते मशालीचे. पॉलिस्टरला आग लागली की ते वितळते आणि कातडीला चिकटते. सूतही पेटते, पण असे चिकटत नाही. मशाल घेऊन चालणाऱ्यांना, विशेषतः लहान मुलांना, पॉलिस्टरचा अंगरखा देऊच नये. ६ जूनच्या राज्याभिषेक दिनाला तर अकोल्याच्या उन्हात तो अंगावर सोसवतही नाही.

तलवार घेताना पाते बोथटच घ्यावे. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रे शस्त्र कायद्याच्या नियमांत येतात. मिरवणुकीची परवानगी काढतानाच पोलीस ठाण्यात याबाबत विचारून घ्यावे.